हायड्रोसीडिंग: फवारणी तासाभराची, काम महिनाभराचं

हायड्रोसीडिंग म्हणजे बी मिसळलेला लगदा जमिनीवर फवारून लॉन उगवणं. फवारणी झाली की त्याच दिवशी संध्याकाळी जागा हिरवीगार दिसते. हा रंग लगद्यात मिसळलेल्या डायचा. कुठे लगदा बसला आणि कुठली जागा सुटली हे फवारणाऱ्याला दिसावं, एवढंच त्याचं काम. उन्हात तो आठवडा-दोन आठवड्यांत फिका पडतो आणि नेमके तेव्हाच अंकुर जेमतेम दिसायला लागलेले असतात. जमीन तपकिरी झालेली पाहून काहीजण गवत मेलं असं समजून पाणी बंद करतात, काहीजण घाबरून दुप्पट सोडतात. नव्या लॉनचं सगळ्यात जास्त नुकसान याच दिवसांत होतं.

पाणी, बी, लाकडाचा किंवा कागदाचा तंतू, चिकटद्रव्य आणि थोडं खत एका टाकीत ढवळायचं आणि तो लगदा होजने जमिनीवर मारायचा, इतकी साधी ही पद्धत. अमेरिकेत १९५०च्या दशकात महामार्गांच्या कडेच्या उतारांवर माती धरून ठेवण्यासाठी ती रूढ झाली. घरापुढची हिरवळ नंतर आली. हे माहीत असलं की अपेक्षाही ताळ्यावर राहतात. तंतूंचा थर ओल धरतो, बी वाहू देत नाही, पाखरांपासून झाकतो. खालची माती दगडासारखी कडक असेल तर ती मऊ करणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

पन्नास चौरस मीटरच्या आतली सपाट जागा असेल तर यंत्राच्या भानगडीत पडू नका. हाताने बी फेकून, दाताळ्याने हलकं मिसळून, वर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर दिला तरी गवत तितकंच चांगलं येतं. मोठी जागा, उतार, वेडेवाकडे कोपरे असतील तिथे हायड्रोसीडिंग कामाला येतं. बागेच्या होजला लावायचे तयार मिश्रणाचे डबेही मिळतात. त्यांचं गणित एकदा करून बघा. चांगल्या थराला चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम कोरडा तंतू लागतो, म्हणजे १०० चौरस मीटरला २० किलो. किलो-दोन किलोच्या डब्यात तेवढी जागा झाकता येते असा दावा असेल, तर जमिनीवर पडणार आहे तो मुख्यतः रंग.

आधी माती

वेळ, कष्ट आणि पैसा घालायचा तो इथे. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटची ढेकळं, विटांचे तुकडे, जुनी मुळं सगळं निघालं पाहिजे. पुरलेल्या सिमेंटच्या गोळ्यावर गवत उगवतं, पण पहिल्याच उन्हाळ्यात नेमका तेवढाच ठिपका वाळतो. चांगली माती किमान १० ते १५ सेंटिमीटर खोल हवी. माती तपासून घ्या. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) ६ ते ७ च्या दरम्यान असला की बहुतेक गवतं खूश असतात. चुना किंवा गंधक घालायचं असेल तर आताच, कारण नंतर ते वरूनच द्यावं लागतं आणि खाली पोचायला फार वेळ घेतं.

कंपोस्ट किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत अडीच सेंटिमीटर जाडीने पसरायचं. १०० चौरस मीटरला ते अडीच घनमीटर होतं. ढीग बघून जास्त वाटतं, पण तेवढं लागतं. मग वरच्या १०–१५ सेंटिमीटरमध्ये नीट मिसळायचं. हे वाफशावरच करा. मूठभर माती दाबून गोळा केला आणि अंगठ्याने टोचल्यावर तो फुटला तर काम सुरू करायला हरकत नाही. बोटाला चिकटून लादीसारखा चपटा होत असेल तर थांबा. ओल्या चिकणमातीत टिलर (माती उकरणारं यंत्र) फिरवला की खाली गुळगुळीत कडक तळ तयार होतो, पाणी त्याच्यावर साचतं आणि मुळं तिथेच थबकतात.

इमारतीपासून बाहेरच्या बाजूला दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार ठेवा. पायवाटेच्या आणि ड्राइव्हवेच्या कडेला मातीची पातळी दोनेक सेंटिमीटर खाली हवी, नाहीतर लगदा आणि पहिलं पाणी दोन्ही फरशीवर येतात. स्प्रिंकलर बसवायचे असतील तर ते फवारणीच्या आधी बसवून, चालवून, आडवे-उभे सगळे कोपरे भिजतात की नाही ते पाहून घ्या. पाईपचे चर भरल्यावर पाणी सोडून बसू द्या, पुन्हा माती भरा, पुन्हा बसू द्या. हे टाळलं की दोन महिन्यांनी लॉनमध्ये पाईपचा अख्खा नकाशा खड्ड्यांच्या रूपात उमटतो.

शेवटी दाताळं आणि हलका रोलर. चालून बघा: बुटाचा ठसा साधारण एक सेंटिमीटर खोल उमटला पाहिजे. पाय घोट्याकडे बुडत असेल तर माती पोकळ आहे, ती पुढे बसेल आणि बी खोल जाईल. ठसाच उमटत नसेल तर पुन्हा उकरा. रोलरनंतर वरचा पापुद्रा दाताळ्याने किंचित खरवडून ठेवा. वाटाण्याएवढी ढेकळं राहिली तरी चालतील, उलट त्यांच्या फटीत बी अडकतं. आरशासारख्या चोपड्या जमिनीवर लगदा नुसता पसरून राहतो, आणि तंतूंच्या जाळीत लटकलेलं, मातीला न टेकलेलं बी उगवून लगेच वाळतं.

तणांचा बंदोबस्तही याच टप्प्यावर. जमीन तयार झाली की हलकं पाणी देत दोन-तीन आठवडे नुसती ठेवा. वरच्या थरातलं तणाचं बी उगवून येईल. ते अगदी उथळ खुरपून काढा. खोल उकरलंत तर खालचं नवं बी वर येतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. लव्हाळा असेल तर खुरपं पुरणार नाही. त्याच्या जमिनीतल्या गाठी टिलरने सुट्या होऊन सगळीकडे पसरतात, म्हणून टिलर लावायच्या आधीच त्याचा निकाल लावायला हवा: गाठींसकट खणून, किंवा लेबल आणि स्थानिक नियम पाहून आंतरप्रवाही (पानांतून शिरून मुळांपर्यंत पोचणाऱ्या) तणनाशकाने, आणि तेही बहुधा एकाहून जास्त वेळा. उगवणीपूर्वीचं तणनाशक मात्र गेल्या काही महिन्यांत कोणी मारलेलं नाही ना, याची खात्री करा. ते तणाचं बी आणि तुमचं बी यांत भेद करत नाही.

बी: पिशवीवरचं लेबल वाचा

उष्ण हवेची गवतं, म्हणजे हरळीच्या बर्म्युडा जाती किंवा झॉयशिया, जमिनीचं तापमान सलग २० अंशांच्या वर गेल्यावर पेरायची आणि पुढे दोन-तीन महिने ऊब मिळेल असा काळ निवडायचा. थंड हवेच्या फेस्क्यू, राय आणि ब्लूग्रासला शरदाची सुरुवात सगळ्यात मानवते. कोणतंही गवत असो, मुसळधार पावसाचे आठवडे टाळा.

प्रमाण बियाच्या आकारावर ठरतं. हरळीच्या सोललेल्या बियाचे एका ग्रॅमला काही हजार दाणे भरतात, टॉल फेस्क्यूचे जेमतेम पाचशे. म्हणून हरळीला चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम पुरतात, केंटकी ब्लूग्रासला १० ते १५, आणि फेस्क्यू किंवा रायला ३० ते ५० लागतात. हे आकडे जिवंत, शुद्ध बियाचे आहेत. लेबलवर शुद्धता ९५ टक्के आणि उगवण ८५ टक्के असेल तर प्रत्यक्ष उपयोगाचं बी सुमारे ८१ टक्के; म्हणजे ३० ग्रॅम हवं असेल तर ३७ ग्रॅम तोला. बियावर कोटिंग, म्हणजे वरून लेप, असेल तर हिशेब आणखी बदलतो. काही पिशव्यांत निम्मं वजन कोटिंगचंच असतं, आणि ते टाकीतल्या पाण्यात विरघळून जातं. लगद्यासाठी कोटिंगचे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

दाट पेरलं की लवकर भरतं, हा समज मात्र सोडा. दुप्पट बी घातलं तर पंधरा दिवस गालिचा दिसतो, मग रोपं एकमेकांचं पाणी-खत ओढतात, खोडं बारीक राहतात आणि बुरशीला आयतं कुरण मिळतं. आणखी एक: संकरित बर्म्युडाच्या कित्येक जाती वांझ आहेत, त्यांचं बी मिळतच नाही. तसं गवत हवं असेल तर त्याच्या धावत्या काड्यांचे तुकडे लगद्यातून मारतात; ते वेगळं काम आणि वेगळं यंत्र.

टाकीत काय, कोणत्या क्रमाने

१०० चौरस मीटर सपाट जागेचं माप असं: पाणी ४०० लिटर, तंतू २० किलो, चिकटद्रव्य तंतूच्या ३ टक्क्यांच्या आसपास म्हणजे अर्धा किलोच्या वर थोडं, आणि नत्र चौरस मीटरला ४ ग्रॅम पडेल इतकं स्फुरदयुक्त खत. खतात २० टक्के नत्र असेल तर ते २ किलो होतं. चिकटद्रव्य बहुधा गवार गम किंवा इसबगोलाचं असतं. तंतूच्या पिशवीत ते आधीच मिसळलेलं असेल तर वेगळं घालू नका.

तंतू लाकडाचा घ्यावा, निदान मिश्र तरी. नुसता कागदाचा स्वस्त पडतो आणि पंपातून सहज जातो, पण एकदा भिजून कडक वाळला की त्याची पपडी होते. नखाने कोपरा उचलला तर पापडासारखा तुकडा निघतो आणि खाली पिवळे, वाकलेले कोंब दिसतात. त्यांना वर यायला वाटच मिळालेली नसते. लाकडाचे तंतू लांब आणि गुंतलेले असतात, त्यांच्यातून हवा आणि कोंब दोन्ही जातात. पण त्यांना पॅडलने ढवळणारी टाकी लागते. पाणी फिरवून ढवळणाऱ्या छोट्या जेट यंत्रात ते अडकतात, तिथे कागदाचा किंवा मिश्र तंतू आणि थोडं पातळ प्रमाण, १०० लिटरला ४ किलोच्या आसपास, वापरावं लागतं. मग त्याच जागेला पाणी जास्त लागेल हे धरून चाला.

टाकी तिसरा हिस्सा पाण्याने भरली की ढवळणी सुरू करा आणि शेवटपर्यंत बंद करू नका. पाणी चढत असताना तंतू फोडून फोडून घाला. तो एकजीव झाला की चिकटद्रव्य चाळणीतून भुरभुरवा. गवार गम एकदम ओतला तर बाहेरून बुळबुळीत, आतून कोरडे गोळे होतात आणि ते थेट नोझलमध्ये जाऊन बसतात. मग खत, आणि बी सगळ्यात शेवटी. बी पडलं की तास-दोन तासांत टाकी रिकामी व्हायला हवी. खताने खारट झालेल्या पाण्यात भिजत आणि पॅडलचे फटके खात रात्रभर राहिलेल्या बियावर भरवसा ठेवू नये. उरलेला लगदा दुसऱ्या दिवशी वापरायचाच असेल तर फक्त तंतू म्हणून, नवीन बी घालून.

काम दुसऱ्याला दिलं असेल तर रिकाम्या पिशव्या मोजा. ठरलेले किलो आणि जागेचं क्षेत्रफळ जुळलं पाहिजे. लगदा पातळ करून एका टाकीत दीडपट जागा उरकणं ही या धंद्यातली सगळ्यात सोपी लबाडी आहे, आणि डाय सढळ घातला की त्या दिवशी ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

मारताना जमीन ओलसर हवी, डबकी नकोत. वारा नको. पुढचे २४ तास जोराचा पाऊस नको. भिंती, फरशी, गाड्या झाका, डायचा डाग लगेच धुतला तरच जातो. लांबच्या टोकापासून मागे सरकत या म्हणजे ओल्या लगद्यावर पाय पडणार नाही. पंख्यासारखा फवारा वर उचलून धरा, लगदा पावसासारखा पडू द्या. सरळ धार मारली तर बी-माती उडून खड्डा पडतो. एकदा उत्तर-दक्षिण, एकदा पूर्व-पश्चिम. एकाच दिशेने मारलं तर प्रत्येक ढेकळाच्या पाठीमागे कोरडी सावली राहते, आणि ती उगवल्यावरच दिसते. थर तीन ते पाच मिलिमीटरचा, माती कुठूनही न दिसणारा.

आडव्या तीन मीटरला एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर २०० ग्रॅमवर भागत नाही. ३०० ते ४०० ग्रॅम तंतू आणि जास्त चिकटद्रव्य, किंवा वरून जाळी. आणि उताराच्या माथ्यावरून येणारं पाणी आधी चर काढून बाजूला वळवा. ते वळवलं नाही तर कोणताच लगदा टिकत नाही.

पाणी

पहिले काही तास, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, थर बसू द्या. कडक ऊन असेल तर त्याच संध्याकाळी धुक्यासारखा हलका फवारा द्यायला हरकत नाही. त्यानंतर नियम एकच: थर ओला राहिला पाहिजे, पण पाणी वाहता कामा नये. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे १०० चौरस मीटरला एका पाळीत २०० ते ३०० लिटर. स्प्रिंकलर किती मिनिटांत तेवढं देतो हे सरळ कडेचे चार-सहा डबे ठेवून मोजा. ‘दहा मिनिटं लावा’ या सल्ल्याला काही अर्थ नाही, कारण दोन स्प्रिंकलर सारखं पाणी देत नाहीत. डब्यांतल्या पाण्यात मोठी तफावत असेल तर नोझल आत्ताच बदला.

ओला थर गडद दिसतो, सुकायला लागला की फिका. फिका पट्टा दिसायला लागला की पुढची पाळी. फरशीच्या आणि भिंतीच्या कडा सगळ्यात आधी सुकतात कारण तिथे उष्णता साठते. त्यांना हाताने जादा पाणी द्यावं लागतं. न भिजलेलं बी आठवडाभर कोरडं राहिलं तरी वाट बघतं. भिजून फुटलेलं बी मात्र एका कडक दुपारी वाळलं तर संपलं, त्याला दुसरी संधी नाही. म्हणून चौथ्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे घर बंद करून बाहेर जाऊ नका, निदान टायमर तरी नीट लावून जा.

राय ५ ते १० दिवसांत दिसतं, फेस्क्यू ७ ते १४, हरळी एक ते तीन आठवडे, ब्लूग्रास आणि झॉयशिया दोन ते चार. मिश्र बियात राय असेल तर दहाव्या दिवशी सगळं उगवल्यासारखं वाटतं आणि पाणी कमी केलं जातं. ब्लूग्रास तेव्हा नुकतं फुटत असतं. सगळ्यात उशिरा उगवणाऱ्या जातीच्या हिशेबाने पाणी चालू ठेवा.

गवत चार-पाच सेंटिमीटर झालं की उलट दिशेने जायचं: पाळ्या कमी, प्रत्येक पाळीत पाणी जास्त. तीनवरून दिवसाला एक, मग एक दिवसाआड, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून दोन वेळा, मिळून २५ ते ३० मिलिमीटर. स्क्रूड्रायव्हर मातीत १५ सेंटिमीटर सहज गेला तर पाणी खोल पोचतंय. रोजच्या शिंपडण्यावर ठेवलेल्या गवताची मुळं वरच्या दोन बोटांतच राहतात.

संध्याकाळची शेवटची पाळी अंधार पडायच्या बरीच आधी संपवा. उबदार हवा, रात्रभर ओली पाती आणि दाट पेरणी जमून आली की रोपं कोलमडण्याचा रोग येतो: सकाळी तेलकट, काळपट ठिपके आणि त्यावर कापसासारखी बुरशी. पाणी लगेच कमी करा आणि त्या ठिपक्यांवरून चालू नका, बुटाला लागून तो पसरतो.

कापणी, खत आणि ठिगळं

पहिली कापणी साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात. फेस्क्यू-ब्लूग्रास आठ-नऊ सेंटिमीटर झाल्यावर सहावर, हरळी चार-साडेचारवरून तीनवर. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. आदल्या दिवशी पाणी बंद ठेवा, मोअर हलकं घ्या आणि पातं नवीन धार लावलेलं असू द्या. बोथट पातं कोवळं रोप कापत नाही, मुळासकट उपटतं. दोन बोटांत गवताचं पातं धरून हलकं ओढा. रोप हातात आलं तर आणखी आठवडा थांबा.

तीन-चार आठवड्यांनी गवत पिवळट दिसू लागलं तर बहुधा नत्र संपलेलं असतं, कारण रोजच्या पाण्याने सुरुवातीचं खत खाली धुऊन गेलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या कापणीनंतर कोरड्या पात्यांवर चौरस मीटरला अडीच ते चार ग्रॅम नत्र द्या आणि लगेच पाण्याने धुऊन मातीत उतरवा. रुंद पानांचं तण दिसतंय म्हणून फवारा हाती घेऊ नका. किमान तीन-चार कापण्या होऊ द्या. बरीचशी हंगामी तणं तोवर पात्याखालीच मरतात, उरलेली हाताने निघतात.

मोकळे ठिपके प्रत्येक नव्या लॉनमध्ये राहतात, आणि त्यांच्या आकारावरून कारण सांगता येतं. सरळ पट्टा म्हणजे फवारणी सुटली. चंद्रकोर म्हणजे स्प्रिंकलरचा घेर तिथे पोचत नाही. स्प्रिंकलरच्या बुडाशीच गोल असेल तर पाण्याच्या माऱ्याने बी उडालंय. सखल जागी असेल तर बी कुजलंय, तिथे आधी माती भरा. सगळीकडेच विरळ असेल तर बी जुनं, जमीन थंड, किंवा लगदा शिळा. पाच-सहा आठवडे वाट पाहून, कारण दूर करून, मगच ठिगळ लावा: दाताळ्याने माती खरवडायची, तेच बी हाताने टाकायचं, अर्धा सेंटिमीटर चाळलेलं कंपोस्ट, आणि पुन्हा दिवसाला तीन हलक्या पाळ्या, फक्त तेवढ्याच जागेला आणि झारीने. हरळी असेल तर तळहाताएवढ्या ठिपक्यांसाठी एवढंही करायची गरज नाही, धावत्या काड्या ते भरून काढतात. फेस्क्यू झुपक्याने वाढतं, ते आपणहून पसरत नाही.

मुलांचा खेळ, कुत्रा, खुर्च्या-टेबलं या सगळ्यांना पहिले दोन महिने बाहेर ठेवा, आणि त्यानंतरही जमीन ओली असेल त्या दिवशी नको.